वाळवंटाचा ड्रेसकोड

ऊन वाढलं की आपण बाह्या कापतो. वाळवंटातली माणसं त्या लांब करतात. थरच्या वाळूत तीन दिवस पायी फिरताना उलगडलेला हा कपड्यांचा फंडा.

जैसलमेरला जाऊन आलेल्या तुमच्या कुठल्याही मित्राचा फोटो आठवा. मागे मावळता सूर्य, खाली वाळूच्या लाटा, बाजूला उंटाची लांबलचक मान आणि मित्राच्या डोक्यावर भाड्याने घेतलेला गुलाबी फेटा! जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटरवर असलेल्या 'सम'च्या टेकड्यांवर सीझनमध्ये रोज संध्याकाळी हाच सीन असतो. फोटो झाला की फेटा परत, पैसे चुकते आणि गाडी हॉटेलकडे.

त्याच वेळी, जीपच्या गर्दीपासून थोडं लांब, एखादा माणूस मेंढरांच्या मागे चालत घरी निघालेला दिसतो. पांढरं धोतर, लांब बाह्यांचा ढगळ सदरा, डोक्यावर रंग उडालेला साफा, पायात चपटी मोजडी. हा गडी सकाळपासून चालतोय. त्याच्याकडे सनस्क्रीन नाही, गॉगल नाही, हायड्रेशन पॅक तर नाहीच नाही. तरी आपण लाल टोमॅटो झालोय आणि तो मात्र निवांत!

मला हा दुसरा माणूस जास्त इंटरेस्टिंग वाटला. फोटोसाठीचे कपडे सगळ्यांनीच पाहिलेत. मला चालण्याचे कपडे पाहायचे होते. म्हणून सम सोडून आम्ही चौघं जैसलमेरच्या नैर्ऋत्येला असलेल्या खुडी गावाकडे वळलो. हिंजवडीचे दोन सॉफ्टवेअरवाले, ठाण्याची एक बँकवाली आणि मी. होळीच्या आधीचा आठवडा. दुपारी पारा ३५ अंशांच्या आसपास आणि पहाटे जॅकेट शोधायला लावणारी थंडी. सामान उंटावर आणि आम्ही पायी. सोबत साठीपुढचे एक उंटवाले. गावातली पोरं त्यांना 'बासा' म्हणायची, मग आम्हीही बासाच म्हणायला लागलो.

डोक्यावर नऊ मीटर

पहिल्या सकाळी दहाच्या सुमारास बासांनी आमच्याकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. हिंजवडीकर क्रमांक एक हाफ पँट आणि बिनबाह्यांच्या टी-शर्टमध्ये, डोक्यावर क्रिकेटची कॅप. "टोपी तो ठीक है सा," बासा म्हणाले, "पर कान किसके हैं?"

खरंच की! कॅप कपाळाची काळजी घेते. कान, मान आणि गळा उघडेच. आणि वाळूत ऊन फक्त वरून येत नाही, ते खालूनही उसळतं.

बासांनी गाठोड्यातून एक लांब सुती कापड काढलं आणि मिनिटभरात त्याच्या डोक्यावर साफा बांधून दिला. साफ्याचं कापड सहसा आठ-नऊ मीटर लांब आणि चांगलं रुंद असतं. पगडीचं त्याहून बरंच लांब, पण वीतभर रुंदीचं. एवढं कापड डोक्यावर म्हटल्यावर उकडायला नको? उलट! एकावर एक आलेल्या सैल थरांमध्ये हवा अडकते आणि ती हवाच ऊन अडवते. वरचा थर तापतो, पण टाळूपर्यंत तो ताप यायला वेळ लागतो. डोक्यावर छोटं छप्पर घेऊन फिरावं तसं. मागे सोडलेलं टोक मान झाकतं, वावटळ आली की तेच टोक नाकातोंडावरून गुंडाळलं जातं.

बरं, साफ्याचं काम डोक्यावरच संपत नाही. विहिरीचा दोर कमी पडला तर तो जोडीला, झोपताना उशीला, थंडीत अंगावर, जखम झाली तर पट्टीला, भाकरी बांधायची तर फडक्याला. तुमच्या ट्रेकिंग बॅगेत सहा वेगवेगळ्या कप्प्यांत असतं ते सगळं एका कापडात!

शिवाय साफा ओळखपत्रासारखा वाचता येतो. राईका म्हणजे उंट-मेंढरं पाळणाऱ्या समाजातले पुरुष लाल साफ्यावरून लांबूनच कळतात. बिश्नोई पुरुष पांढऱ्या साफ्यात. १४८५ मध्ये गुरू जांभेश्वरांनी सुरू केलेल्या या पंथाच्या २९ नियमांमध्ये निळे कपडे घालू नयेत असाही एक नियम आहे, त्यामुळे निळा साफा तिथे दिसणारच नाही. लग्नाला केशरी किंवा पंचरंगी. घरात मृत्यू झाला की रंग उतरतो. मैलभर अंतरावरून येणारा माणूस कोण, कुठल्या घरचा आणि सध्या कुठल्या दिवसांत आहे, हे डोक्यावरून समजतं. ज्या भागात दिवसभरात दोनच माणसं दिसायची, तिथे ही माहिती किती मोलाची असेल!

काळा घालू की पांढरा?

पांढरा रंग ऊन परतवतो, काळा शोषतो, हे आपण शाळेत शिकलोय. मग सिनाई आणि नेगेव्हच्या वाळवंटातले बदाऊन शतकानुशतकं काळे झगे घालून कसे फिरतात? हा प्रश्न चार संशोधकांनाही पडला. त्यांनी भर दुपारी एका माणसाला वाळवंटात उभं केलं. कधी काळ्या झग्यात, कधी पांढऱ्या झग्यात, कधी लष्करी गणवेशात तर कधी नुसत्या चड्डीवर. १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत त्यांचा छोटासा लेख आला. निकाल मजेशीर होता. काळ्या कापडाने पांढऱ्यापेक्षा जास्त उष्णता शोषली हे खरं, पण ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचलीच नाही. शरीराला मिळालेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच!

गुपित रंगात नाही, ढगळपणात आहे. झगा सैल असतो, खालून उघडा असतो. चालताना तो भात्यासारखा हलतो, आतली गरम हवा वर सरकून बाहेर पडते आणि खालून नवी हवा येते. चुलीच्या धुराड्याचं तत्त्व, फक्त अंगावर घातलेलं. म्हणून काळा बदाऊनी झगा चालतो आणि तुमचा अंगाला चिकटलेला काळा टी-शर्ट चालत नाही. रंगावरून भांडण्याआधी माप बघा!

थरमधला पुरुषांचा पोशाख वेगळा असला तरी फंडा हाच. धोतराच्या निऱ्यांमधून वारा खेळतो. आंगरखी छातीवर एकावर एक येऊन बंदांनी बांधलेली, बगलेत मोकळी. सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत. कापड सुती. लग्नात आपण मिरवतो ती जोधपुरी ब्रीचेस मात्र घोड्यावर बसणाऱ्यांसाठीची. पायी चालणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

पूर्ण बाह्यांचं कारणही साधं आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तोवर उघडं अंग गार होतं. हे झालं कोकणातल्या बनियनचं लॉजिक. पण हवा ४२ अंशांवर गेली की उघड्या अंगाला वारा लागणं म्हणजे भट्टीसमोर उभं राहणं. मग वाचवतो तो फक्त घाम. तोही कोरड्या हवेत इतक्या झटकन उडतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. आमच्या बँकवालीच्या सॅकच्या पट्ट्यांखाली मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या तेव्हा तिला पत्ता लागला. अंग झाकलेलं असलं की ऊन थेट लागत नाही, घाम पुरवून वापरला जातो आणि पाणी वाचतं. जैसलमेरला वर्षभरात २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. तिथे पाणी वाचवणारा कपडा म्हणजे चैन नाही, हिशेब आहे.

पायाखालची गंमत

दुपारी वाळूचा वरचा थर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. कडक उन्हाळ्यात तो ६० अंशांच्याही वर जातो. 'बीचसारखं अनवाणी चालू' हा प्लॅन त्यामुळे सकाळी आठपर्यंतच ठीक. तेव्हा मात्र पहाटेच्या गार वाळूवर अनवाणी चालण्यासारखं सुख नाही!

मोजडी म्हणजे जूती हा इथला पारंपरिक जोडा. जुन्या पद्धतीच्या जोड्यात डावा-उजवा असा फरकच नसतो, दोन्ही सारखे. घालून घालून चामडं पायाचा आकार घेतं आणि मग डावा कुठला ते पायच सांगतो. चपटा तळवा वाळूत रुतत नाही. वाळू आत जाते, पण बासा दर थोड्या वेळाने चालता चालताच पाय झटकून ती बाहेर टाकत होते. आमचे जाळीदार रनिंग शूज हवा खेळावी म्हणून बनवलेले. त्या जाळीतून पिठासारखी बारीक वाळूही खेळत होती. दर अर्ध्या तासाला बसा, लेस सोडा, झटका, परत बांधा. हिंजवडीकर क्रमांक दोनने मग सॉक्सची टोकं पँटवर ओढून घेतली.

आणि तिथेच त्याला भुरट भेटलं. भुरट म्हणजे इथलं एक गवत. त्याची बारीक काटेरी बोंडं लोकरीला, सॉक्सला, ट्रॅक पँटला अशी चिकटतात की विचारू नका. एकेक बोंड उपटायचं आणि ते बोटात घुसवून घ्यायचं. संध्याकाळी शेकोटीपाशी आमचा एकच कार्यक्रम, सॉक्स निवडणं! बासा हसत म्हणाले, दुष्काळात याच भुरटाचं बी दळून आमच्या आज्या रोट्या करायच्या. बोलणं थांबलं आमचं. काटा म्हणून आपण झटकतो ते कुणाचं तरी जेवण होतं.

रात्रीचा वेगळा ड्रेस

वाळवंट म्हणजे फक्त ऊन, हा आपला गोड गैरसमज. हवा कोरडी, आकाश निरभ्र. सूर्य गेला की वाळू दिवसभराची उष्णता भराभर सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत तर रात्री पारा एक आकडी होतो. त्यासाठी जैसलमेर-बाडमेर भागात मेघवाल विणकर 'पट्टू' विणतात. हातमागावरची जाड शाल, कडेला भौमितिक नक्षी. दिवसा उंटाच्या पाठीवर घडी, रात्री आपल्या पाठीवर. फ्लीस जॅकेट घेतलं असेल तर उत्तम, पण भुरटाला ते फार आवडतं हे लक्षात ठेवा.

ओढणीच्या आतली गोष्ट

आतापर्यंत पुरुषांबद्दलच बोललो. पण वाळूत पिढ्यानपिढ्या रोज चालत आल्या त्या बायका. पाण्याला, जळणाला, चाऱ्याला.

घेरदार घागरा, पाठीकडून उघडी, बंदांनी बांधलेली कांचळी आणि वरून मोठी ओढणी. कोपराच्या वरपर्यंत पांढरे चुडे. पूर्वी हस्तिदंताचे, आता प्लास्टिकचे. उन्हाच्या दृष्टीने पाहिलं तर डिझाइन हुशार आहे. पाठ उघडी म्हणून हवा लागते, ओढणी वरून सावली धरते, घागऱ्याखाली वारा फिरतो. लाल-पिवळे रंग मळकट पिवळ्या वाळूत लांबून दिसतात.

पण एका ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, चहाला थांबलो तेव्हा एक वेगळीच गोष्ट कळली. माझ्याच वयाची एक बाई चहा करत होती. तोपर्यंत ओढणी खांद्यावर होती, गप्पा रंगल्या होत्या. बाहेर बासांचा आवाज आला आणि क्षणात ओढणी हनुवटीपर्यंत खाली. चेहरा गायब! बासा नात्याने तिच्या सासऱ्याच्या ठिकाणी. आमच्या बँकवालीने हळूच विचारलं, उन्हात चालताना हे असं पुढे घेऊन दिसतं कसं? ती आतून हसली. "जंगल में कौन देखता है? वहाँ पीछे। गाँव आया तो आगे।"

म्हणजे ऊन असतं तिथे पदर मागे आणि सावली असते तिथे तोंडावर! ओढणी उन्हासाठी आहे, घूंघट उन्हासाठी नाही. कापड एकच, पण कामं दोन. एक हवामानाने दिलेलं, दुसरं माणसांनी. 'आपले पूर्वज किती ग्रेट, सगळ्यामागे सायन्स' असं म्हणायची आपल्याला फार घाई असते. वाळवंटातल्या प्रत्येक कापडामागे सायन्स नाही. काहींमागे सासरा आहे. शिकायचं असेल तर दोन्ही वेगळं करून शिकावं लागेल.

साफा आता कुठे?

तिसऱ्या दिवशी बासांचा नातू मोटरसायकलवर पाणी घेऊन आला. अंगात फुटबॉल क्लबची जर्सी, खाली टाइट जीन्स, पायात स्लीपर. तो जवळच्या एका सोलर प्रकल्पावर कामाला जातो. तिथे हेल्मेट आणि चकचकीत पट्ट्यांचं जाकीट सक्तीचं. साफा येतो का बांधायला, असं विचारलं. "शादी में दादाजी बाँध देते हैं," तो म्हणाला. आणि सीझनमध्ये कॅम्पवर वेटरचं काम मिळालं की डोक्यावर चढवायला तयार शिवलेला साफा मिळतो, टोपीसारखा. गिऱ्हाइकांना आवडतो म्हणून.

गंमत बघा. ज्याला खरंच उन्हात काम करायचंय त्याच्या डोक्यावरून साफा उतरला आणि एसी तंबूत सूप वाढताना चढला!

त्या पोराला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जर्सी स्वस्त आहे, लवकर वाळते, इस्त्री लागत नाही आणि त्याला त्यात भारी वाटतं. आपण मल्टिप्लेक्सला काय घालून जावं हे त्याने आपल्याला सांगितलेलं नाही. पण उन्हाळा काही सौम्य होत नाहीये. याच वाळवंटाच्या कडेच्या फलोदीत १९ मे २०१६ ला पारा ५१ अंशांवर गेला होता. अशा उन्हात अर्ध्या बाह्यांनी, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत काम करणं हा फॅशनचा विषय राहत नाही. त्या पोराने मात्र जुगाड केलाय. हेल्मेटखाली ओला गमछा, टोक मानेवर सोडलेलं. आजोबांकडून साफा बांधायला शिकला नाही, पण त्यातलं मर्म उचललं!

आणि तिकडे मॉलमध्ये 'डेझर्ट शर्ट' नावाने काय विकतात? लांब बाह्या, ढगळ फिट, पाठीला हवा जायला फट, मान झाकणारी कॉलर. किंमत तीन हजार रुपये. बासांच्या सदऱ्याला फक्त लोगो लावायचा राहिलाय.

आपलं काय?

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे वाळवंटात जायचंय? पण पुण्यात टू-व्हीलरवर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळणाऱ्या मुलींची किती चेष्टा झाली, आठवा. नागपुरात मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही. शेतात जाणाऱ्या आजोबांच्या डोक्याला पटका असायचाच. हे ज्ञान आपल्याकडेही होतं, आहे. ऑफिसच्या एसीने ते विसरायला लावलं, इतकंच. दुपारी दोन वाजता तुमचं जेवण घेऊन येणारा मुलगा मात्र एसीत नसतो. त्याला कंपनीने काय घालायला दिलंय, पुढच्या वेळी दार उघडाल तेव्हा जरूर बघा. आणि पाण्याचा ग्लास विचारा.

बॅग भरताना

• दोन ढगळ, पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट किंवा कुर्ते. रंग कुठलाही, माप मात्र एक साइज मोठं.
• सैल सुती पँट किंवा सलवार. जीन्स हॉटेलवर ठेवा. भुरटाच्या भागात लोकरी सॉक्स नकोत.
• साफ्याचं कापड जैसलमेरच्या बाजारातून घ्या, सुतीच. आणि दुकानदाराकडून बांधायलाही शिका!
• जाळी नसलेले, घोट्यापर्यंतचे बूट. नवी मोजडी घालून लांब चालू नका, ती आधी पायाला सरावू द्या.
• रात्रीसाठी एक गरम थर. पट्टू घेतलात तर तिथेही वापरता येईल आणि घरीही.
• चालायचं सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर. दुपार खेजडीच्या झाडाखाली.
• कधी जाल? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च संपला की पायी फिरायचा विचार नको.
• कसं जाल? जोधपूरपर्यंत रेल्वे किंवा विमान, तिथून जैसलमेर रेल्वेने वा रस्त्याने पाच-सहा तास. जैसलमेरहून खुडी साधारण ५० किलोमीटर.